निरंक आणि वीतभर ओल

आमच्या घरात जन्मसाल कुणी आकड्यात सांगत नसे. थोरले चुलते 'हस्त बुडवून गेला त्या साली' जन्मले, धाकट्या आत्याचं लग्न 'बहात्तरच्या आदल्या वर्षी' झालं, आणि घराची पडवी 'चित्रा पडल्या त्या दिवाळीत' बांधली. माण तालुक्यात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तोही होईलच असा भरवसा नसतो. अशा मुलखात माणसं पावसावरच वर्षं ओळखतात. लहानपणी या गोष्टी ऐकताना मला त्यात नुसती गंमत वाटायची. पुढे हवामानशास्त्र शिकले आणि कळलं, की म्हातारी माणसं जे बोलत होती ती नोंदवहीच होती. फक्त तिला तारखा आणि मापं जोडायची राहिली होती.

यातली सर्वांत मोठी नोंदवही म्हणजे माझी आजी. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात, तापोळ्याच्या अंगाला. पणजोबा मेढ्याच्या कचेरीत कारकून असताना त्यांनी ही सोयरीक जुळवली. इतक्या लांब, कोरड्या मुलखात लेक द्यायची म्हणून तिच्या आईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, असं आजी सांगायची. माहेरी मृगाच्या आधी घराला पश्चिमेकडून गवताचे आडोसे बांधायचे, ते थेट दसऱ्याला सोडायचे. चार महिने कपडे चुलीवरच्या दोरीला वाळायचे, त्यांना धुराचा वास यायचा. बायका इरली पांघरून भात लावायच्या. आषाढात चुकून ऊन पडलंच तर पोरं ओरडत अंगणात पळायची.

सासरी आली ती ज्येष्ठात. इथं आषाढभर आभाळ भरलेलं, ढग पूर्वेकडं पळताहेत, वारा इतका की दाराला आतून दगड लावावा लागायचा. पण थेंब नाही. माहेरी वारा म्हणजे पाऊस, हे तिच्या अंगात मुरलेलं. पहिले पंधरा दिवस ती रोज वाळवण आत-बाहेर करत राहिली आणि सासूची बोलणी खात राहिली. मग एके दिवशी तिनं स्वतःशीच उलगडा केला. मला ती तो पुढे कितीदा तरी सांगायची: "आमच्याकडं वतून हलका झाल्याला वारा हितं येतोय बाय. त्याच्यात काय ऱ्हायलं असंल?"

पुण्याला एम.एस्सी.ला असताना फळ्यावर सह्याद्रीचा आडवा छेद काढून सरांनी पर्जन्यछाया शिकवली, तेव्हा मला आजीचा आवाज ऐकू आला. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाला धडकून वर चढते, चढताना थंड होते आणि बाष्प ओतून टाकते. घाटमाथा ओलांडून ती पूर्वेला उतरते तेव्हा दाबली जाते, तापते आणि कोरडी होत जाते. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस. तिथून घाटवाटेनं जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की आणखी निम्म्याच्या खाली. आणि महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर माणमधली आमची दहिवडी. जगात इतक्या थोड्या अंतरात पाऊस इतका बदलणारे मुलूख फार थोडे आहेत. आजी लग्नाच्या बैलगाडीतून हा सगळा उतार उतरून आली होती.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. ते दहिवडीच्या कचेरीत शिपाई होते. टपाल, दप्तर, कंदील या कामांच्या जोडीला कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक त्यांच्याकडे होता. दगडी चौथऱ्यात बसवलेलं जस्ती नळकांडं, त्याचा काठ जमिनीपासून बरोबर एक फूट वर, तोंडाला पाच इंच व्यासाची पितळी कड, आत नरसाळं आणि बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यासमोर धरायचं, पाण्याची रेघ मधोमध जिथं खाली वळते तो आकडा वाचायचा आणि कारकुनाला सांगायचा. आबांचा हिशेब शेवटपर्यंत इंच आणि सेंटात राहिला. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. 'काल दोन इंच तीस सेंट झाला' हे वाक्य ते असं उच्चारत, की जणू घरात नातू झाला.

पण माणच्या वहीत आकडे थोडे आणि एक शब्द फार. निरंक. पाऊस नाही म्हणून रकाना मोकळा सोडायचा नाही. तिथं 'निरंक' लिहायचं. मोकळ्या रकान्याचा अर्थ माप वाचलंच नाही असा होतो, आणि निरंकचा अर्थ वाचलं पण पाणी नव्हतं. बहात्तर सालच्या दुष्काळात आबा रोज सकाळी त्या कोरड्या बाटलीपर्यंत जात होते. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, घरात बसून निरंक सांगितलं तरी काय फरक पडतो? आबा त्या माणसाशी पुढे कित्येक दिवस बोलले नाहीत.

बहात्तरच्या गोष्टी आमच्याकडे जेवताना कुणी काढत नसे. आजी गावातल्या बायकांबरोबर खडी फोडायला गेली, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. अमेरिकेतून आलेला लालसर मिलो रेशनवर मिळायचा, त्याच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. पोरांना सुकडी मिळायची. याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आजीला कायदा ठाऊक नव्हता. कामाच्या जागी पाण्याच्या टाक्याशी कोण आधी उभं राहिलं आणि कोणी कुणाला पुढे जाऊ दिलं, एवढं मात्र नावानिशी ठाऊक होतं. त्याहून जुनी गोष्ट ती सासूकडून ऐकलेली सांगायची, राजेवाडीच्या तलावाची. १८७६-७७च्या दुष्काळात सुरू झालेलं ते काम. सासूच्या सासूनं तिथं माती वाहिली होती. एकाच घरातल्या बायका शंभर वर्षांच्या अंतरानं पाण्यासाठी माती वाहत होत्या, हे मला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगून जातं.

त्या जुन्या दुष्काळांचा आणि माझ्या विषयाचा संबंध मात्र मला पुस्तकांतच सापडला. भारताचं हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. लगेच दख्खन आणि मद्रासकडे माणसं भुकेनं मेली. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, असं सरकारनं विचारलं, तेव्हा ब्लॅनफर्डनं हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवलं: तिकडे बर्फ फार पडलं तर इकडे पाऊस मागे सरतो. या आधारावर १८८६पासून दरवर्षीचा अंदाज सुरू झाला. मग १८९९चा दुष्काळ आला आणि अंदाज साफ फसला. पुढे १९०४मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकरकडे गेली. हा केंब्रिजचा गणिती. बूमरँग फेकलं की परत का येतं, यावर त्यानं निबंध लिहिला होता. हवामानाचा अभ्यास त्यानं केलेला नव्हता. त्यानं जगभरच्या दाबाचे, तापमानाचे आणि पावसाचे आकडे मागवले आणि हिंदी कारकुनांना बसवून हातानं गणितं करवून घेतली. त्यातून निघालं ते असं: प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, आणि त्या हेलकाव्याचा आपल्या मोसमी पावसाशी संबंध आहे. त्या हेलकाव्याचा समुद्राच्या बाजूचा भाग म्हणजे आज वर्तमानपत्रात येणारा एल निनो. हे नाव पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी दिलेलं. नाताळच्या सुमारास पाणी कोमट होतं आणि मासळी गायब होते, हे त्यांच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलेलं. १८७७, १८९९, १९७२ ही तिन्ही एल निनोची सालं. आजी माणमध्ये खडी फोडत होती त्याच साली पेरूच्या कोळ्यांचा अँकोव्ही माशांचा धंदा बसला होता. मात्र एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असं समजू नये. १९९७ साली तो फार जोराचा होता आणि देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराच्या पाण्याचा खेळ त्याच्या आड येतो, हे पुढच्या अभ्यासात कळलं.

पुण्यात शिकत असताना जुन्या बाजारातून मी एक जुना ॲनेरॉइड दाबमापक घेतला आणि वसतिगृहाच्या खिडकीत टांगला. दर दोन तासांनी काटा वाचायचा, वहीत बिंदू मांडायचा. बिंदू जोडले तर रोज तीच नागमोडी रेघ यायची: सकाळी दहाच्या सुमारास चढ, दुपारी चारला उतार, रात्री दहाला पुन्हा चढ, पहाटे चारला उतार. आकाश निरभ्र असो की ढगाळ, रेघ हटत नव्हती. समुद्राला भरती येते तशी हवेलाही येते, दिवसातून दोनदा. सूर्याची उष्णता वरच्या थरातला ओझोन आणि खालच्या हवेतलं बाष्प शोषून घेतात, त्या तापण्या-निवण्याची ही लाट. ग्रंथालयात शोधताना कर्नल विल्यम साइक्स भेटला. पक्षिनिरीक्षकांना हे नाव ठाऊक असतं. १८२०च्या दशकात तो दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला आणि दख्खनच्या हवेतल्या याच भरती-ओहोटीवर १८३५ साली त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. माझ्या खिडकीतली रेघ त्यानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच पठारावर काढून ठेवली होती. त्याच्या मागोमाग आपली माणसंही या कामात आली. टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षणं घेत होते. कोरड्या बाटलीकडे रोज जाणारे माझे आबा याच वाटेवरचे, असं मी मानते.

नक्षत्रांबद्दल आजी आणि माझं बरंच बोलणं व्हायचं. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मृगाचं वाहन कोल्हा की म्हैस हे पंचांगात पाहून ठरवायचं. वाहनावर आजीचा फारसा विश्वास नव्हता, नक्षत्रावर होता. आणि त्यात तथ्य आहे. एकेक पावसाळी नक्षत्र म्हणजे सूर्याचा साधारण साडेतेरा दिवसांचा मुक्काम, म्हणजे पंधरवड्याहून जरा बारीक अशी पावसाळ्याची विभागणी. माणमध्ये जुलैत वारा फार आणि पाऊस थोडा. खरा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तोवर पश्चिमेचा वारा ढिला पडतो, बंगालच्या उपसागरावरची ओल पूर्वेकडून येऊ लागते आणि तापलेल्या जमिनीवर दुपारून ढग चढतात. आजीच्या भाषेत 'हस्त गडगडत येतो', आणि त्या ओलीवर शाळू पेरायचा. पण एक गोष्ट पंचांगात हळूच सरकते आहे. नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, ऋतू सूर्याच्या कलण्याला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे दोन्हींत साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. आज सूर्य ७-८ जूनला मृगात जातो. तीनशे वर्षांपूर्वी तो चारेक दिवस आधी जात असे. एका आयुष्यात हे जाणवत नाही, पण म्हणी आयुष्यापेक्षा फार जुन्या असतात. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग सांगणाऱ्यानं आपली मृग कंची, ते पण सांगाया पायजे." इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. पाऊस झाला की आबा कचेरीत माप वाचायचे आणि आजी रानात जायची. वावराच्या मधोमध बसून ती हातानं माती उकरायची. वरची भिजलेली काळी माती, मग चिकट थर, मग एकदम कोरडी, ढेकळासारखी फुटणारी. तिथं बोटं टेकवून ती वर वीत धरायची. 'चार बोटं गेली', 'वीतभर गेली', 'दीड वीत, आता वाफसा आला की धरा पाभर.' संध्याकाळी दोघांचे आकडे जुळायचे नाहीत, आणि त्यावरून घरात वाद व्हायचा. आबा म्हणायचे सव्वा इंच झाला, ती म्हणायची चार बोटंसुद्धा नाही. दोघंही बरोबर असायची. अर्ध्या तासात कोसळलेला सव्वा इंच उतारावरून ओढ्याला जातो. रात्रभर रिपरिपणारा तेवढाच पाऊस जमिनीत उतरतो. पहिल्या पावसाला काळ्या रानाच्या भेगा पाणी थेट खाली नेतात, वरची माती कोरडीच राहते. पर्जन्यमापकाला आभाळ कळतं, जमीन कळत नाही. म्हणून मी माझ्या वहीत दोन रकाने ठेवले: मिलिमीटर आणि ओल. शाळेत नोकरी लागली, साताऱ्याला राहायला आले, तरी गावी गेले की दोन्ही भरते. पाऊस तेवढाच असताना ओल निम्मी, अशा नोंदींनी पानं भरली आहेत आणि पेरणी वाया गेलेली वर्षं त्यात मिलिमीटरपेक्षा ओलीच्या रकान्यातून जास्त स्पष्ट दिसतात.

माझी भाची यंदा बारावी झाली. ती लहानपणापासून माझ्याबरोबर रानात येते, त्यामुळे तिला हवामान शिकायचंय यात नवल नाही. तिनं विचारलं, "मावशी, भूगोल घेऊ का?" मी म्हटलं, भूगोल आवडीनं वाच, पण गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. हवा हा वाहणारा, तापणारा, फिरणाऱ्या गोलावर बसलेला पदार्थ आहे. त्याची समीकरणं आल्याशिवाय अंदाजामागचं काही कळत नाही. वॉकर तर गणितातूनच आला. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र, सोबत संगणकाची एखादी भाषा, मग पुणे विद्यापीठात, कोचीला किंवा विशाखापट्टणमला वातावरणशास्त्राचं एम.एस्सी., असा रस्ता मी तिला आखून दिला. पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे, १९६२पासूनची. तिची ढगांची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे, आपल्या आजीच्या माहेराच्या डोक्यावर. अ‍ॅना मणींची गोष्ट सांगितली. त्यांना भौतिकशास्त्र पुढे शिकायचं होतं, पण १९४५ साली परदेशी शिष्यवृत्ती होती ती हवामानाच्या उपकरणांची. त्या ती घेऊन लंडनला गेल्या, परत येऊन पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार केले, म्हणजे ती देशात बनू लागली.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मला ओल शिकायची आहे." मी थांबले. मग लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्ण रामदास यांच्याबद्दल बोलले. हे सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले भौतिकशास्त्रज्ञ. १९३२ साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग उभा राहिला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्याच सुमारास त्यांनी दाखवलं, की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, वीत-दोन वीत वर असते. हे पुस्तकी समजुतीच्या उलट होतं, म्हणून जगानं मानायला वेळ घेतला. पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर थर्मामीटर लावायचं सुचायला भौतिकशास्त्रही लागतं आणि रानही. भाचीनं शेवटी कृषी पदवीला प्रवेश घेतला, पुढे कृषी हवामानशास्त्रात जायचं ठरवून. गणित मात्र ती माझ्याकडे दर रविवारी करते. हा निर्णय तिचा आहे आणि मला तो पटला आहे.

तो का पटला याचं एक कारण गेल्या हस्तात पाहिलं. आमच्याकडे म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. हे तर एका शहरातलं. आपल्याकडे अतिवृष्टीची मदत महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ठरते, २४ तासांत ६५ मिलिमीटर ही मर्यादा. गेल्या हस्तात एका रात्री मंडळाच्या गावात साधारण पाऊस झाला; आमच्या शिवारात बांध फुटले, काढणीला आलेला कांदा वाहून गेला. माझ्या मापात ६५च्या बराच वर आकडा होता. पण तो आकडा सरकारदरबारी नाही. शेजारच्या घरचे लोक दोन महिने पंचनाम्याच्या कागदासाठी फिरले. मला याचा राग येतो आणि तो येत राहील. एका मंडळात एकच माप, तेही एखाद्या इमारतीच्या आडोशाला, आणि त्यावर इतक्या घरांचं वर्ष.

म्हणून आम्ही दोघींनी यंदा पंचक्रोशीतल्या शाळांना माप द्यायचं काम हातात घेतलं आहे. सरकारी आकड्याला पर्याय म्हणून नव्हे, त्याच्याशी ताडून पाहता यावं म्हणून. जागा निवडताना झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब माप बसवायचं, काठ जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर, वाचायची वेळ रोज सकाळी साडेआठ, रविवारी आणि सुट्टीतही. पाऊस नसला तरी वही उघडायची आणि 'निरंक' लिहायचं, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ओलीच्या रकान्यावरून मात्र एका शाळेत भांडण झालं: वीत कुणाची धरायची, सातवीतल्या पोराची की सरांची? भाचीनं लोखंडी सळईवर सेंटिमीटरच्या खुणा कोरून आणल्या. आता प्रत्येक शाळेत एक सळई आहे, आणि पाऊस झाल्यावर चोवीस तासांनी ती कुणी रोवायची याची पाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते.